दूरस्थ अध्यापन आणि शिक्षणाचे माध्यम : अनगोळ परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

बेळगाव शहराच्या दक्षिणेस, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या जवळ अनगोळ हा भाग आहे. फौंड्री, लहान वर्कशॉप आणि कारखाने यांवर पोट असलेली अनेक कुटुंबे या परिसरात राहतात. मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा येथे रोज कानावर पडतात आणि शेजारी राहणारी मुले वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांत जातात. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण एकाएकी मोबाईलच्या पडद्यावर आले. त्या काळाची चर्चा बहुधा साधनांच्या अभावाभोवती फिरते. तो अभाव खरा होता. परंतु सीमाभागात शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करण्यात आला आहे. हा विषय केवळ शालेय शिक्षकांचा नाही. २०२०-२१ मध्ये आठवीत असलेली मुले २०२३ साली दहावी आणि २०२५ साली द्वितीय पीयूसीची परीक्षा देऊन पदवीच्या वर्गात आली आहेत.

दूरशिक्षण आणि आपत्कालीन अध्यापन

या दोन गोष्टींत फरक करणे आवश्यक आहे. दूरशिक्षण आपल्याला नवे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. अशा शिक्षणात विद्यार्थी प्रौढ असतो, तो स्वेच्छेने प्रवेश घेतो आणि पुस्तके स्वयंअध्ययनासाठीच लिहिलेली असतात. २०२० मध्ये जे घडले ते तसे नव्हते. वर्गात शिक्षकाने समजावून सांगावे या अपेक्षेने लिहिलेली पुस्तके शिक्षकाविना मुलांच्या हाती राहिली. फळ्यासमोर मुलाच्या चेहऱ्यावरून 'समजले नाही' हे ओळखणारा शिक्षक आता गृहपाठाच्या छायाचित्रावरून अंदाज बांधू लागला. म्हणून या प्रकारास आपत्कालीन अध्यापन म्हणणेच योग्य ठरेल.

साधनांचा प्रश्न

साधनांविषयीची आकडेवारी बोलकी आहे. 'असर' या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. सप्टेंबर २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. मात्र घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे या भिन्न बाबी आहेत. २०२१ च्या सर्वेक्षणात फोन असलेल्या घरांतील सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो वापरण्यास मिळत नसल्याचे आढळले. जेथे घरात एकच फोन असतो तेथे तो सकाळी कामावर जाणाऱ्याच्या खिशात जातो आणि तास मात्र सकाळीच असतो. दोन-तीन भावंडे असल्यास कोणाचा तास बुडवायचा, हे घरालाच ठरवावे लागते.

शासनासमोरही पेच होता. कर्नाटक शासनाने जून २०२० मध्ये लहान वर्गांच्या ऑनलाइन तासांवर बंदी घातली. ८ जुलै २०२० रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली. शिक्षणाचा हक्क हा जीविताच्या हक्काशी निगडित असल्याने अशी बंदी टिकणारी नाही, असा त्यामागील विचार होता. बंदी उठली, परंतु ज्याच्याकडे साधन नाही त्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

माध्यमाचा प्रश्न

फोन नसला तरी दूरदर्शन आहे, असे तेव्हा म्हटले गेले. जुलै २०२० मध्ये कर्नाटकात 'चंदन' वाहिनीवर आठवी ते दहावीसाठी 'संवेद' हे पाठ सुरू झाले. त्याच महिन्यात महाराष्ट्रात 'सह्याद्री' वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. अनगोळच्या मराठी माध्यमातील मुलाची स्थिती या दोहोंच्या मधली होती. 'सह्याद्री'ची भाषा त्याची होती, पण ती मालिका बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली होती आणि त्याची परीक्षा कर्नाटकच्या अभ्यासक्रमाची होती. 'चंदन'चा अभ्यासक्रम त्याचा होता, पण ती वाहिनी कन्नड होती.

बाजारात बोलण्यापुरते कन्नड या भागातील बहुतेक मुलांना येते. शास्त्र शिकण्यासाठी तेवढे पुरत नाही. मराठी पुस्तकात ज्याला 'प्रकाशसंश्लेषण' म्हणतात ते कन्नडमध्ये 'द्युतिसंश्लेषणे' आणि उर्दूत 'ज़ियाई तालीफ़' आहे. मराठी आणि कन्नड संज्ञांचा काही भाग तरी सारखा आहे. उर्दू माध्यमातील मुलीला तोही आधार नाही. वर्गात तिचे शिक्षक या शब्दांमधील पूल बांधत असत. तो पूल तुटल्यावर, घरात शिकलेले कोणी नसलेले मूल पडद्यासमोर बसूनही वर्गाबाहेरच राहिले.

विद्यागम : गल्लीतील शाळा

या दोन्ही अडचणींवर योग्य दिशेने जाणारा उपाय म्हणजे ऑगस्ट २०२० मध्ये कर्नाटकात सुरू झालेला 'विद्यागम' उपक्रम होय. घरी फोन नसलेली, साधा फोन असलेली आणि स्मार्टफोन असलेली अशी मुलांची विभागणी करून शिक्षक वस्तीत जाऊ लागले. प्रार्थनास्थळांचे आवार, समाजमंदिर, झाडाची सावली अशा ठिकाणी वीस-पंचवीस मुलांचे गट बसले. येथे शिक्षक समोर होते आणि भाषाही मुलांची होती. परंतु कोविडचा संसर्ग होत असल्याच्या तक्रारींनंतर ऑक्टोबर २०२० मध्ये उपक्रम स्थगित झाला. जानेवारी २०२१ मध्ये तो सहावी ते नववीसाठी शाळेच्या आवारात पुन्हा सुरू झाला. पहिली ते पाचवीचे वर्ग मात्र २५ ऑक्टोबर २०२१ पर्यंत उघडले नाहीत. २०२०-२१ मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलांनी वर्ग प्रथम पाहिला तो दुसरीत गेल्यावर.

हानीचे स्वरूप

शाळा बंद असताना नवे शिकणे थांबले, एवढेच नाही. शिकलेलेही विसरले गेले. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटकासह पाच राज्यांतील सरकारी शाळांमधील दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. मागील वर्षी अवगत असलेली किमान एक भाषिक क्षमता ९२ टक्के, तर गणिती क्षमता ८२ टक्के मुलांनी गमावल्याचे तीत दिसले. परीक्षांनी ही हानी झाकली. जुलै २०२१ मधील दहावीची परीक्षा दोन दिवसांत बहुपर्यायी प्रश्नांवर घेण्यात आली आणि परीक्षेस बसलेले जवळजवळ सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्या परिस्थितीत तो निर्णय समजण्यासारखा होता. तथापि सलग उत्तर लिहिण्याचा सराव त्यामुळे मागे पडला. ही हानी भरून काढण्यासाठी राज्याने २०२२-२३ मध्ये 'कलिका चेतरिके' हा अध्ययन पुनर्प्राप्तीचा कार्यक्रम राबविला. जी मुले त्याआधीच शाळेतून बाहेर पडली होती त्यांना त्याचा लाभ मिळाला नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी

पदवीच्या वर्गात परिच्छेद लिहिता न येणारा किंवा शेकडेवारी व समप्रमाणात अडखळणारा विद्यार्थी दिसल्यास त्यास आळशी ठरविण्यापूर्वी त्याची आठवी-नववी कोठे गेली, हे विचारले पाहिजे. शेकडेवारी आणि प्रमाण हा सातवी-आठवीचाच भाग आहे. वर्षारंभी पहिल्या पंधरवड्यात गुण न देता एक लहान चाचणी घ्यावी. त्यात एक परिच्छेद वाचून सारांश लिहिणे आणि प्रमाणाची चार उदाहरणे एवढे पुरेसे आहे. दुसरे, प्रत्येक विषयातील महत्त्वाच्या संज्ञांची मराठी, उर्दू, कन्नड आणि इंग्रजी अशी चौपदरी सूची तयार करावी. ती विद्यार्थ्यांकडूनच करून घेतल्यास अधिक उपयुक्त ठरेल. तिसरे, दीर्घोत्तरी लेखनाचा सराव पहिल्या सत्रापासून ठेवावा.

समारोप

साधने आता पूर्वीपेक्षा सुलभ झाली आहेत. उद्या पुन्हा शाळा बंद ठेवण्याची वेळ आली तर फोन कदाचित प्रत्येक घरी असेल. पण त्या फोनवर अनगोळच्या मुलाला त्याच्या माध्यमात, त्याच्याच अभ्यासक्रमाचा पाठ मिळेल काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. मराठी आणि उर्दू माध्यमांसाठी कर्नाटकच्या पाठ्यक्रमावर आधारित ध्वनिमुद्रित पाठ तयार करणे हे काम सीमाभागातील शिक्षणसंस्था आपल्याच अध्यापकांच्या बळावर आजच हाती घेऊ शकतात. त्यासाठी पुढील आपत्तीची वाट पाहू नये.