उत्तर आले, पण वाचले का?

एका संगणकाने दुसऱ्याकडे माहिती मागावी व आलेले उत्तर उलगडावे, हा आज नित्याचा व्यवहार आहे. उत्तर बहुधा 'जेसन' नामक साध्या मजकुरात येते. आपण म्हणाल, पोस्टमनने पाकीट हाती दिले, आता काय उरले? उरले ते वाचणे, आणि खरी मेख तेथेच आहे.

२०१० साली ट्विटरने संदेशांना ६४ बिटांचे लांबलचक क्रमांक देण्यास आरंभ केला. परंतु जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचेच सारे पूर्णांक बिनचूक धरते. या आकड्याच्या शेवटी २ ऐवजी ३ असला, तरी ती मुकाट्याने २ च वाचते! चुकीची वर्दीही नाही. मागितलेला संदेश मात्र सापडत नाही. म्हणून ट्विटरने तोच क्रमांक अवतरणचिन्हांत, अक्षरे म्हणून, शेजारी पुन्हा धाडला. त्याची बेरीज थोडीच करावयाची होती!