वर धूसर, खाली लख्ख

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. तिथे राणी लुईसचा पूल म्हणून एक पूल आहे. कामाच्या दिवशी त्यावरून 40,000 हून जास्त सायकली जातात! कोट घातलेले ऑफिसवाले काका, कॉलेजच्या मुली, पाठीवर तबल्याएवढं काहीतरी वाद्य बांधलेला कुणी वादक. पुढे लाकडी पेटी असलेल्या तीनचाकी सायकलीही दिसतात आणि पेटीत दोन-दोन पोरं ऐटीत बसलेली असतात. या पेटीवाल्या सायकली याच शहरातल्या क्रिस्तियानिया नावाच्या वस्तीत 1984 च्या सुमारास बनायला लागल्या. फोटो काढण्याची हौस असणाऱ्याला या पुलावरून हलावंसं वाटणारच नाही.

समजा, तुम्ही त्या पुलाच्या कठड्याला पाठ टेकून उभे आहात. समोरून एक सायकल गेली आणि तुम्ही बटण दाबलंत. आता फोटो मोठा करून फक्त मागचं चाक बघा. वरच्या बाजूचे स्पोक पार पुसट झालेत, कुठला कुठे आहे ते कळतच नाही. आणि जमिनीजवळचे? ते लख्ख दिसतात, बोट ठेवून मोजता येतील इतके.

आहे ना गंमत? चाक एक, फोटो एक. मग वरच्याला एक न्याय आणि खालच्याला दुसरा, असं का?

उत्तराकडे जायला आधी कॅमेऱ्याच्या आत डोकावावं लागेल. कॅमेरा ठरावीक वेळच उजेड आत घेतो. हे काम शटर करतं. कधी ते सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडतं, कधी तिसाव्या भागापुरतं. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात साधारण साडेपाच मीटर जाते. म्हणजे 1/1000 सेकंदात ती जेमतेम साडेपाच मिलिमीटर सरकेल, पण 1/30 सेकंदात चक्क 18 सेंटिमीटर! फोटोत हे सगळे 18 सेंटिमीटर एकावर एक उमटतात आणि चित्र फरफटल्यासारखं दिसतं. जो भाग जास्त हलला, तो जास्त धूसर.

हा नियम चाकाला लावून बघू. त्याचा खालचा भाग लख्ख आला, म्हणजे तो हलला नसणार. पण सायकल तर धावत होती!

हो, आणि तरीही तो भाग हलला नव्हता. नीट विचार करा. चाक एकाच वेळी दोन कामं करतं. अख्ख्या सायकलीबरोबर ते पुढे जातं आणि स्वतःभोवती फिरतंही. चाकाच्या माथ्यावर दोन्ही गती पुढच्याच दिशेने असतात, त्यामुळे त्यांची बेरीज होते. सायकलचा वेग ताशी 20, तर चाकाचा माथा ताशी 40 ने पळतो. तळाशी मात्र फिरण्याची गती मागच्या दिशेला असते. पुढे 20, मागे 20, उरले शून्य. जमिनीला टेकलेला टायरचा तो इवलासा भाग त्या क्षणी स्थिर असतो. पुढच्याच क्षणी तो उचलला जातो आणि त्याची जागा शेजारचा भाग घेतो, थोडा वेळ थांबायला.

खोटं वाटतंय? पावसाळ्यात चिखलातून सायकल गेली की मागे काय उरतं ते आठवा. टायरची नक्षी जशीच्या तशी उमटलेली असते. टेकलेला भाग पुढे घासत गेला असता, तर नक्षी पुसून नुसता ओरखडा राहिला असता. जोरात ब्रेक दाबून चाक घसरवलं की तसंच होतं.

मला तर याहूनही भारी वाटते ती टायरच्या एका ठिपक्याची वाट. चाकाच्या कडेला एक छोटा दिवा चिकटवा, अंधारात सायकल चालवा आणि शटर दोन-तीन सेकंद उघडं ठेवा. फोटोत वर्तुळ येत नाही. एकापुढे एक कमानी येतात आणि प्रत्येक कमान जमिनीवर येऊन टोकदार होते. त्या टोकाशीच ठिपका क्षणभर थांबलेला असतो. या वक्राचं नाव सायक्लॉइड. गॅलिलिओला त्याने इतकं वेड लावलं होतं, की एका कमानीने किती जागा व्यापली हे शोधायला त्याने पत्र्यातून तो आकार कापून चक्क तोलून बघितला! नंतर 1658 मध्ये ख्रिस्तोफर रेन याने एका कमानीची लांबी शोधली. ती भरते चाकाच्या व्यासाच्या बरोबर चौपट. गोल चाकातून आलेली वाट, पण तिच्या लांबीत पाय (π) कुठेच नाही! मोठ्या सायकलच्या चाकाचा व्यास 70 सेंटिमीटर धरला, तर एका फेरीत सायकल पुढे जाते 2.2 मीटर आणि टायरवरचा ठिपका फिरून येतो 2.8 मीटर.

आता फोटोची दुसरी तऱ्हा. कॅमेरा स्थिर न धरता सायकलच्या वेगाने सोबत फिरवत न्यायचा आणि फिरवता फिरवताच बटण दाबायचं. याला पॅनिंग म्हणतात. मग चालवणारा स्पष्ट येतो आणि मागची दुकानं, झाडं, माणसं यांच्या आडव्या रेघा होतात. स्पोकचं काय? कॅमेरा सायकलबरोबरच चाललाय, त्यामुळे त्याच्या दृष्टीने चाक फक्त जागच्या जागी फिरतंय. म्हणून वरचे आणि खालचे स्पोक सारखेच पुसट. नुसती चाकं बघून कॅमेरा स्थिर होता की फिरत होता, हे तुम्हाला आता सांगता येईल.

कोपनहेगनचा सायकलींचा एक फोटो फार गाजला. मिकाएल कोल्विल-अँडरसन यांनी तो नोव्हेंबर 2006 मध्ये काढला. सिग्नल नुकताच हिरवा झालाय, बाकीचे निघालेत आणि एक स्त्री अजून निघायच्या बेतात आहे. बस, एवढंच. ना शर्यत, ना कसरत. रोज कामाला जाणारी माणसंही इतकी बघण्यासारखी असतात, हे त्या फोटोमुळे जगभरच्या लोकांच्या लक्षात आलं.

तिथला हिवाळा मात्र फोटो काढणाऱ्याची परीक्षा बघतो. डिसेंबरच्या शेवटी दुपारी पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. भर दुपारीसुद्धा तो क्षितिजाच्या वर जेमतेम 11 अंशांवर असतो. त्यामुळे ऐन बारा वाजता तुमची सावली तुमच्या उंचीच्या पाचपट लांब! त्याच दिवसांत पुण्यात भर दुपारी ती तुमच्या उंचीहून थोडी कमीच भरेल. कोपनहेगनच्या लांबलचक सावल्यांत सायकलची एकेक कडी दिसते. सूर्य गेला, की शटर जास्त वेळ उघडं ठेवावंच लागतं. मग सायकली जवळजवळ नाहीशा होतात आणि दिव्यांच्या रेघा उरतात. येणाऱ्यांच्या पांढऱ्या, जाणाऱ्यांच्या लाल. लुकलुकणारा दिवा असेल, तर रेघ तुटक येते आणि त्यातून वेगही काढता येतो! दिवा सेकंदाला दोनदा लुकलुकत असेल आणि एका तुकड्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत 2.8 मीटर अंतर असेल, तर ती सायकल ताशी साधारण 20 किलोमीटरने चालली होती.

पुन्हा 20 च! हा आकडा मी मुद्दाम धरलाय. राणी लुईसच्या पुलाला लागूनच नोरेब्रोगाडे नावाचा मोठा रस्ता आहे. तिथले सिग्नल सायकलींच्या वेगाला जुळवलेत. सकाळी शहराच्या मध्याकडे जाताना ताशी 20 किलोमीटरचा वेग धरलात, की एकामागून एक सिग्नल हिरवाच मिळत जातो. संध्याकाळी हीच सोय घरी परतणाऱ्यांना. या सोयीला तिथे ‘हिरवी लाट’ म्हणतात. पाय न टेकता माणसं पोचतात, दमतही नाहीत. मला ही कल्पना मनापासून आवडते.

आणि याच वेगाला व्हिडिओत एक जादू होते. मोबाइल सहसा सेकंदाला 30 चित्रं घेतो. 36 स्पोकचं चाक घ्या. दोन शेजारच्या स्पोकमध्ये रिमजवळ 10 अंशांचं अंतर. 2.2 मीटर घेराचं चाक ताशी 20 च्या वेगाला सेकंदात सुमारे अडीच फेऱ्या मारतं, म्हणजे दोन चित्रांच्या मधल्या वेळात साधारण 30 अंश फिरतं. बरोबर तीन स्पोकइतकं! प्रत्येक स्पोक तीन घरं पुढे सरकून दुसऱ्या स्पोकच्या जागी येतो. सगळे सारखेच दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं, चाक जवळजवळ थांबलंय. वेग थोडा कमी झाला, तर ते उलटं फिरताना दिसतं. चुगली करतो तो व्हॉल्व्ह! तो चाकाला एकच असतो, त्यामुळे उड्या मारत पुढे पळताना पकडला जातो.

तुमच्या सायकलवर हे करून बघायला कोपनहेगन नको. भरपूर उजेडात मित्राला किंवा मैत्रिणीला रिकाम्या मैदानात सायकल चालवायला सांगा आणि बाजूला उभं राहून व्हिडिओ काढा. स्पोक आधी मोजून घ्या. 28 स्पोकचं, 50 सेंटिमीटर व्यासाचं चाक असेल, तर ते ताशी 6 किलोमीटरच्या आसपास थांबल्यासारखं दिसेल. पुन्हा 12 ला, पुन्हा 18 ला. तुमच्या चाकाचे आकडे वेगळे असतील, तर तुमचा पाढाही वेगळा येईल. तो कितीचा, ते व्हिडिओ काढायच्या आधीच वहीत लिहून ठेवा.