परभणीच्या थंडीत कोंबडी-आलूचं सूप: खरी करामत मसाल्याची नाही, आचेची!

थंडी सुरू झाली की हवामानाच्या बातम्यांत दोन-तीन नावं हमखास येतात. निफाड, धुळे आणि परभणी. परभणीचा आकडा येतो तो वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रातून. काही हिवाळ्यांत तर इथला पारा ५ अंशांच्याही खाली गेलाय. ज्या गावाचा उन्हाळा अंगाची लाही लाही करतो, तिथंच डिसेंबरमध्ये पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही. समुद्र लांब, आकाश निरभ्र, वर उत्तरेकडून येणारे कोरडे वारे. दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर गार होते.

मग अशा वेळी घरात कुणाला सर्दी-पडसं झालं की एकच फर्मान निघतं, "कोंबडीचं पाणी करा रे!"

कुणी त्याला पाणी म्हणतं, कुणी रस्सा, कुणी शोरबा. 'सूप' म्हटलं की जुन्या माणसांना आधी धान्य पाखडायचं सूप आठवतं. नाव काहीही असो, त्यात दोन-चार आलू टाकले की ते नुसतं प्यायचं पाणी राहत नाही. पोटभरीचं जेवण होतं. आता हे घरी कसं करायचं, त्यात आलू कधी टाकायचा, आणि "कोंबडी खाऊ नका" असा मेसेज आला की घाबरायचं का, हे एकेक करून समजून घेऊ.

आधी 'शोरबा' आणि 'आलू' हे शब्द कुठून आले?

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो तो त्यामुळेच. पुढे १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पण इतकी वर्षं हैदराबादशी नातं राहिल्यावर ते ताटात उतरणारच. 'शोरबा' हा मूळचा फारसी शब्द दखनी उर्दूतून इथल्या बोलण्यात आला, तो असा.

'बटाटा' हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे रताळं आणि बटाटाही. म्हणून कोकण-मुंबईकडं बटाटा रुळला, तर मराठवाड्यात बटाट्यासोबत 'आलू'ही तितकाच चालतो. मुळात हे पीक दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं. तिथले लोक ते हजारो वर्षांपासून पिकवत आलेत. समुद्र ओलांडून तो आपल्याकडं आला आणि कोंबडीच्या रश्श्यात असा बसला, की जणू कायम इथलाच होता.

कोंबडी कुठली घ्यायची?

इथं पहिली गल्लत होते. बॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत विक्रीला तयार होते. तिचं मांस कोवळं असतं, लवकर शिजतं, पण पाण्यात चव कमी उतरते. गावरान कोंबडी कित्येक महिने उकिरडे उकरत फिरलेली असते. तिचे स्नायू घट्ट, हाडं पक्की आणि सांध्यांभोवतीचा चिवट भाग जास्त. या चिवट भागात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते पाण्यात बराच वेळ मंद शिजलं की त्याचं जिलेटिन होतं. सूप ओठांना किंचित चिकट लागतं ते याच जिलेटिनमुळं.

म्हणून सूपसाठी नुसते बोनलेस तुकडे घेऊ नका. पाठ, मान, पंख, तंगडी असे हाडासकट तुकडे घ्या. दुकानदाराला "रश्श्याचं द्या" म्हटलं तरी तो समजतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बाजारात 'गावरान' म्हणून विकली जाणारी प्रत्येक कोंबडी अस्सल गावरान असतेच असं नाही. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातीही त्याच नावानं विकल्या जातात. त्या खायला वाईट नाहीत, फक्त शिजायला लागणारा वेळ वेगळा असतो. म्हणून शिट्ट्या मोजण्याआधी कोंबडी कुठली आहे ते विचारा.

साहित्य (चार जणांसाठी)

हाडासकट कोंबडी अर्धा किलो, मध्यम आलू ३, मोठा कांदा १, लसणाच्या पाकळ्या ८ ते १०, आल्याचा इंचभर तुकडा, मिरे ८ ते १०, लवंगा २, दालचिनीचा छोटा तुकडा, हळद अर्धा चमचा, तूप किंवा तेल १ मोठा चमचा, मीठ, कोथिंबीर, अर्धं लिंबू आणि पाणी दीड लिटर. ज्वारीचं पीठ १ चमचा, हवं असेल तर.

यात लाल तिखट नाही, खोबऱ्याचं वाटण नाही आणि काळा मसालाही नाही. ते घातलं की झणझणीत रस्सा होईल, पण आजारी माणसाला किंवा लहान पोराला तो झेपणार नाही.

आता कृती

१. कोंबडी नळाच्या जोरदार धारेखाली धुऊ नका. उडालेल्या थेंबांबरोबर कच्च्या मांसातले जिवाणू ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर जातात. धुवायचीच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन अलगद धुवा आणि नंतर हात, विळी, ओटा साबणानं स्वच्छ करा.

२. कुकरमध्ये तूप तापवा. त्यात मिरे, लवंग, दालचिनी टाका. चिरलेला कांदा गुलाबी होऊ द्या. ठेचलेलं आलं-लसूण घाला. मग हळद आणि कोंबडी घालून पाचेक मिनिटं परता.

३. पाणी आणि निम्मं मीठ घाला. झाकण लावण्याआधी एक उकळी येऊ द्या. वर येणारा करडा फेस पळीनं काढून टाका, म्हणजे सूप नितळ होतं.

४. बॉयलरला २ ते ३ शिट्ट्या पुरतात. गिरिराज-वनराजला ४ ते ५. अस्सल गावरान आणि त्यातही जून कोंबडी असेल, तर मंद आचेवर ७ ते ८ शिट्ट्या लागू शकतात. पातेल्यात करत असाल तर गावरानला तास-दीड तास हाताशी ठेवा.

५. वाफ पूर्ण गेल्यावरच झाकण काढा. आता आलूच्या मोठ्या फोडी टाका आणि उघड्यावर मंद उकळी ठेवून १५ ते २० मिनिटं शिजवा.

६. तीन-चार फोडी बाहेर काढून पळीनं ठेचा आणि परत सूपमध्ये मिसळा. अजून दाटपणा हवा असेल तर ज्वारीचं पीठ थोड्या गार पाण्यात कालवून घाला आणि पाच मिनिटं उकळा.

७. चव बघून उरलेलं मीठ घाला. गॅस बंद करून लिंबू पिळा. वरून कोथिंबीर आणि ताजी मिरपूड. झालं!

आलू आधीच कुकरमध्ये का टाकायचा नाही?

कारण साधं आहे. गावरान कोंबडीला जेवढ्या शिट्ट्या लागतात, तेवढ्यात आलूचा पार लगदा होतो. त्याच्या पेशी फुटतात, सगळं पिष्ट पाण्यात उतरतं आणि सूपची खळ होते. आलू नंतर टाकला की फोडी अख्ख्या राहतात आणि दाटपणा किती हवा ते तुमच्या हातात राहतं. हॉटेलातल्या सूपला कॉर्नफ्लोअर जो दाटपणा देतं, तोच इथं ठेचलेल्या फोडी देतात. मराठवाड्यात येसराच्या आमटीला भाजलेल्या धान्य-डाळींच्या पिठामुळं अंग येतं, तसाच हा प्रकार.

लिंबू शेवटी का, याचंही कारण आहे. आंबट पाण्यात आलू लवकर मऊ होत नाही. टोमॅटो किंवा लिंबू आधी घातलं तर अर्धा तास उकळूनही फोड मध्ये कचकच लागते. म्हणून आंबट नेहमी आलू शिजल्यावर.

आणि हो, हिरवट पडलेला किंवा भरपूर कोंब फुटलेला आलू टाकून द्या. त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि ते उकळून जात नाही.

"मीठ जास्त झालं? आलू टाका!" हे खरंय का?

हा सल्ला सोशल मीडियावर सतत फिरतो. अर्धवट खरा आहे. आलू खारट पाणी शोषतो, पण त्यातलं मीठ तेवढं वेगळं ओढून घेत नाही. फोडी बाहेर काढल्या तर भांड्यातलं सूप कमी होईल, खारटपणा जवळपास तसाच राहील. खरा उपाय म्हणजे गरम पाणी वाढवणं.

दुसरा गैरसमज असा, की रात्रीचं सूप सकाळी दह्यासारखं थरथरलं म्हणजे ते खराब झालं. उलट आहे! गार झाल्यावर जिलेटिन गोठतं म्हणून ते तसं दिसतं. गरम केलं की पुन्हा पातळ होतं. हाडांचा अर्क नीट उतरल्याची ती खूणच आहे. मात्र सूप झाकून लवकर फ्रीजमध्ये ठेवलेलं असेल तरच. बाहेर ते दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि उन्हाळ्यात तर तासभरही खूप झाला.

सर्दीत खरंच फरक पडतो का?

यावर शास्त्रज्ञांनी डोकं लावलंय. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या मायामीच्या डॉक्टरांनी लोकांना गार पाणी, गरम पाणी आणि कोंबडीचं गरम सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगानं सरकतो ते मोजलं. गरम पाण्यानंही वेग वाढला, सूपनं त्याहून जास्त. पण हा परिणाम थोडाच वेळ टिकला.

पुढे २००० मध्ये नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनार्ड यांनी घरगुती पद्धतीचं कोंबडीचं सूप प्रयोगशाळेत तपासलं. त्यात कांदा, गाजर अशा भाज्यांसोबत रताळंही होतं. सर्दीत नाक-घसा सुजतो त्यात काही पांढऱ्या पेशींचा हात असतो. या सूपमुळं त्या पेशींची हालचाल मंदावल्याचं दिसलं. मात्र हा प्रयोग काचेच्या नळीतला, माणसावरचा नाही. त्यामुळं सूप म्हणजे औषध असं म्हणता येत नाही. पण गरम वाफ, पाणी, मीठ, प्रथिनं आणि आलूतली ऊर्जा हे सगळं एका वाटीत मिळतं आणि तोंडाला चव नसताना ते घशाखाली उतरतं, हा फायदा लहान नाही. ज्यांना किडनीचा त्रास, रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांनी मीठ आणि आलूचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आता त्या 'कोंबडी खाऊ नका'बद्दल

परभणीला हा प्रश्न ऐकीव नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात दोन दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. नमुने तपासले गेले आणि बर्ड फ्लू असल्याचं निष्पन्न झालं. गावाच्या आसपासच्या कोंबड्या नष्ट करण्याचे आदेश निघाले, वाहतूक आणि विक्रीवर बंदी आली. मुरुंब्याचं नाव एका दिवसात राज्यभर झालं.

त्याच्या आदल्याच वर्षी, २०२० च्या सुरुवातीला, कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी अफवा व्हॉट्सअॅपवर पसरली होती. सरकारनं खुलासे केले, पण तोवर चिकनचे दर कोसळले होते. कर्ज काढून शेड उभारणाऱ्या शेतकऱ्याला एका फॉरवर्डनं झोपवलं.

बर्ड फ्लूचा धोका खोटा नाही. पण तो मुख्यतः आजारी पक्षी हाताळताना, कापताना आणि त्यांची विष्ठा साफ करताना असतो. मांस आतपर्यंत ७० अंशांवर शिजलं तर हा विषाणू मरतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता सूपचा विचार करा. उकळतं पाणी १०० अंशांच्या आसपास असतं आणि शिट्टी देणाऱ्या कुकरमध्ये तापमान १२० पर्यंत जातं. म्हणजे हाडापर्यंत शिजलेल्या सूपमध्ये हा विषाणू टिकत नाही.

त्यामुळं पाळायचे नियम मोजकेच. मेलेली किंवा मलूल कोंबडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. प्रशासनानं बंदी घातलेल्या भागातून कोंबडी आणू नका. कच्च्या मांसाची विळी भाजीला लावू नका. तंगडीच्या हाडाजवळ गुलाबी रस दिसला तर अजून शिजवा. एवढं केलं तर मेसेज वाचून पातेलं उतरवायची गरज नाही.

आणि सोबत काय?

पाव किंवा टोस्ट शोधत बसू नका. परभणी ज्वारीचा जिल्हा आहे. इथल्याच कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती'सारखं वाण दिलं आणि २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेलं 'परभणी शक्ती' आणलं. ताटात गरम भाकरी चुरायची, त्यावर सूप ओतायचं, आलूची फोड बोटानं दाबून कालवायची. बाजूला कांदा आणि लिंबाची फोड. बाहेर पारा ५ वर असला तरी जेवताना कपाळावर घाम येतो!