सात नमुने आणि एक खोटी चिठ्ठी

पक्षिनिरीक्षकांच्या टोळक्यात कुणी "रानपिंगळा पाहिला" म्हणालं, की अभिनंदन नंतर, आधी उलटतपासणी. डोकं नीट दिसलं का? ठिपके होते? आपल्या वाडीवस्तीवरच्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण असते, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. छातीवर तपकिरी पट्टा, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, नखं अंगाच्या मानाने दांडगी. एवढं सांगता आलं नाही तर सांगणारा कितीही मुरलेला असो, त्याचं म्हणणं हसून ऐकलं जातं आणि विषय बदलतो.

हा खवचटपणा उगाच आलेला नाही. या पक्ष्याचा सगळा इतिहासच संशयाचा आहे.

१८७२ साली ब्लुइट या अधिकाऱ्याला आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात हा पिंगळा मिळाला. पुढच्या वर्षी ह्यूमसाहेबांनी, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेल्या त्याच ह्यूमसाहेबांनी, त्याला ब्लुइटचं नाव दिलं. मग ओडिशातल्या खरियारकडे एक मिळाला. १८८० नंतरच्या चारपाच वर्षांत आपल्या खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने काही टिपले. १८८४ नंतर सामसूम. जगभरच्या संग्रहालयांत मिळून नमुने जेमतेम सात, आणि त्यातल्या सातव्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं : मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४. संग्राहक, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन.

सगळ्यात ताजी नोंद तीच, त्यामुळे शोध घ्यायचा तो तिथूनच, असं सगळ्यांनी धरलं. रिप्ले, सालिम अली अशा पक्षिशास्त्रातल्या दिग्गजांनी हा पक्षी शोधला. हाती काही आलं नाही. अधूनमधून कुणाला तरी 'दिसायचा', आणि खोलात गेलं की तो साधा पिंगळाच निघायचा. हळूहळू 'बहुधा संपला' हे वाक्य पुस्तकांतून रुळलं.

कर्नलसाहेब म्हणजे बडं प्रस्थ. सैनिक, हेर, गप्पांचा बादशहा. १९३७ मध्ये सालिम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी गोळा करत हिंडले होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून परवानगीविना नमुने नेल्याबद्दल त्यांना पक्षिदालनात दीड वर्ष बंदी होती, ही गोष्ट आतल्या लोकांना ठाऊक होती. तरी १९५४ मध्ये त्याच म्युझियमने त्यांचा वीसेक हजार पक्ष्यांचा संग्रह आनंदाने ठेवून घेतला! दबक्या आवाजात बोलणारे बोलत होते. पण मोठ्या माणसाच्या हयातीत कागदावर कोण आणणार? १९६७ मध्ये ते वारले. १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी त्यांच्या काही नमुन्यांवरच्या नोंदी खोट्या असल्याचं छापून दाखवलं आणि बांध फुटला.

त्या सुमाराला अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत पॅमेला रासमुसेन दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठी रिप्लेंच्या हाताखाली काम करत होत्या. एकेक जुनी नोंद तपासणं हे तसं कंटाळवाणं काम. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी तो सातवा पिंगळा एक्स-रेखाली घातला. जुन्या संग्राहकांपैकी प्रत्येकाची पक्षी भरण्याची स्वतःची ढब असते. मुरलेल्या शिंप्याची शिलाई जशी ओळखू येते, तशी ती ओळखू येते. हा पक्षी एकदा उघडून पुन्हा भरलेला होता, आणि वरच्या सारवासारवीखालून डेव्हिडसनचा हात डोकावत होता. म्हणजे म्युझियमचाच पक्षी कर्नलने पळवला, नवी चिठ्ठी बांधली आणि आपला म्हणून मिरवला.

इथे बहुतेकांनी चोर सापडल्याचं समाधान मानलं असतं. रासमुसेन यांनी त्यापुढचा हिशेब मांडला. मांडवी खोटी, तर तिथे न सापडल्याने पक्षी संपला असं कसं ठरतं? उरतात ती खरी ठिकाणं. तिथेच जायचं.

नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. पूर्वेकडच्या जुन्या जागा आधी धुंडाळल्या, काही नाही. मग शहादा. (तेव्हा धुळे जिल्हा, नंदुरबार वेगळा झाला पुढच्या वर्षी.) २५ तारखेच्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी किंग यांची नजर एका झाडावरच्या पिंगळ्यावर गेली. कोरं डोकं, पांढरे पाय. पक्षी दिवसाढवळ्या उघड्यावर बसून राहिला, म्हणून फोटो आणि व्हिडिओ दोन्ही मिळाले. ते नसते, तर ११३ वर्षांनंतर फक्त तोंडी सांगण्यावर या तिघांवर तरी कोणी विश्वास ठेवला असता, असं मला वाटत नाही. ठेवूही नये.

पुढे मेळघाटात, मध्य प्रदेशात रानपिंगळे सापडत गेले. २०१४ मध्ये तर थेट मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात निघाला. तिथेही आधी भुवया उंचावल्या, फोटो पाहिल्यावर खाली आल्या.

गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातही तो आढळला आहे, आणि तिथून मांडवी फार लांब नाही. मग कर्नलचं खरंच होतं की, म्हणणारे भेटतात. नाही. डांगात पिंगळे असतील, उद्या मांडवीतही निघतील. कर्नलचा पिंगळा मात्र खानदेशात मेला आणि लंडनच्या कपाटात गेला. मांडवी त्याच्या वाटेत कुठेच लागली नव्हती.