नावावर असणे

'घर कोणाच्या नावावर आहे?' असे आपल्याकडे कोणी विचारले तर त्याला मालक कोण एवढेच जाणून घ्यायचे असते. सातबाऱ्यावर नाव चढते, लाइटबिलावर नाव येते, बापामागे मुलाचे नाव लागते. मालकीविषयीचा आपला सारा व्यवहार या एका शब्दाभोवती फिरतो. (फेरफाराची नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी ठरत नाही, असे न्यायालयांनी कितीदा सांगितले, गावात नोंद मंजूर झाली की पेढे वाटले जातातच.) अशा माणसापुढे बँकेचा कारकून फॉर्म सरकवतो आणि विचारतो, 'नॉमिनी म्हणून कोणाचं नाव घालू?' त्याने काय समजावे? ज्याचे नाव, त्याचे पैसे. पुढे तो घरी जाऊन सांगतो, 'वारस लावून आलो.'

कायद्याला हे अभिप्रेत नाही. बँकांच्या कायद्यात नामनिर्देशन आले ते १९८३ च्या दुरुस्तीने. त्याचे नियम १९८५ साली झाले. खातेदार गेल्यावर घरच्यांना कोर्टाच्या दाखल्यासाठी खेटे घालावे लागू नयेत, बँकेनेही वारस शोधत बसू नये, म्हणून एका ठरलेल्या माणसाच्या हाती रक्कम द्यायची. त्यात बँक मोकळी होते, वाटणी होत नाही. पैसे उचलणारा ते वारसांच्या वतीने सांभाळतो. कोणाला किती, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

सामान्य माणसाला अडाणी म्हणण्याचे मात्र कारण नाही. मूळ कलम वाचले तर नॉमिनीला ठेवीदाराचे सगळे हक्क मिळतात, असेच कोणालाही वाटेल. विम्याच्या पैशांवरून एक सासू आणि सून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. नॉमिनी म्हणून नाव सुनेचे होते. तेवढ्याने ती एकटी मालकीण होत नाही, सासूचाही वाटा आहे, असा निकाल डिसेंबर १९८३ मध्ये लागला. बँकेतील ठेवींबाबत हेच २०१० साली सांगावे लागले. गंमत अशी, की त्याच वर्षी शेअरच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी कंपनी कायद्यातल्या 'व्हेस्ट' या शब्दावरून नॉमिनीच मालक, असा अर्थ काढला होता. खंडपीठाने तो २०१६ साली अमान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. न्यायमूर्तींचे एका शब्दावर एकमत व्हायला तेरा वर्षे लागली!

या गैरसमजाची किंमत सहसा कोण मोजते, हे काउंटरच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षे बसलेल्याला ठाऊक असते. वडिलांनी मुदत ठेवीला नाव घातलेले असते मुलाचे. त्या दिवशी तो बरोबर आला होता, फॉर्मही त्यानेच भरला होता, यापलीकडे त्याला कारण नसते. वडील गेल्यावर बहीण भावासोबत बँकेत येते, बाकावर बसून राहते. 'दादाचं नाव घातलंय म्हणजे बाबांची तशीच इच्छा असणार,' म्हणते आणि निघून जाते. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित पैशांत तिचा वाटा भावाइतकाच आहे, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच लिहिलेले आहे. पण तिला ते कोण सांगणार? बँकेचे काम संपलेले असते. भाऊही लबाड असतोच असे नाही. त्यानेही 'नाव' या शब्दाचा तोच अर्थ घेतलेला असतो.

विम्यात कायदाच लोकांच्या समजुतीकडे थोडा सरकला. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांचे नाव असेल तर तेच रकमेचे लाभधारक, अशी तरतूद आली. म्हणजे एकाच घरात, एकाच माणसाने, एकच नाव लिहिलेल्या दोन फॉर्मांचे अर्थ दोन! बँकांत तर १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नावे देता येतात, प्रत्येकापुढे टक्केवारी घालून. सोय चांगली आहे, पण माझ्या मते गैरसमज यामुळे वाढणारच. नावापुढे पन्नास टक्के लिहिले की ती वाटणीच वाटणार, आणि ते लिहून घेणारा माणूस त्याचा खुलासा करील अशी आशा मला नाही.

'नामनिर्देशित व्यक्ती' हे भाषांतर अचूक असेल, पण त्यातही पुन्हा नाम आहेच. त्यापेक्षा फॉर्मवर सरळ विचारावे: 'तुमच्या पश्चात बँकेतून पैसे उचलून घरात कोणी आणायचे?' आणि खालच्या ओळीत: 'ते कोणाचे, हे तुम्ही मृत्युपत्रात लिहिले आहे काय?' मृत्युपत्र म्हटले की लोक वकील, स्टॅम्प, हजारो रुपये असे काहीतरी मनात आणतात. ते साध्या कागदावर होते. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.