काळ्या मातीवर घर बांधताना

हिंगणघाट, देवळीकडची काळी माती कापसाला मानवते, घराला मात्र जपून घ्यावी लागते. उन्हाळ्यात ती आक्रसते, जमिनीला भेगा पडतात; पावसाळ्यात पाणी पिऊन तीच फुगते. दरवर्षीच्या या खाली-वर होण्याने उथळ पायावरच्या भिंतींना तडे जातात, दारे चौकटीत अडकतात. आयुष्यभराची कमाई आपण घरात घालतो. म्हणून टाइल्स आणि रंगाआधी पायाचा विचार करू या.

प्रथम प्लॉटवर खड्डा खणून मुरूम किती खोल लागतो ते पाहावे. आर्वी, कारंजाच्या डोंगराळ भागात मातीचा थर बहुधा पातळ असतो. तिथे मुरमावर टेकवलेले साधे फुटिंग पुरते. थर जाड असल्यास अंडर-रीम्ड पाइल उपयोगी पडतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली. पाइल साधारण साडेतीन-चार मीटर खोल नेतात आणि तळाशी कांद्यासारखा फुगवतात. तिथे ऋतूंचा फरक फारसा पोहोचत नाही. वरच्या बीमखाली थोडी पोकळी ठेवतात, म्हणजे फुगलेली माती बीम उचलत नाही.

घर झाल्यावरही न्हाणीचे आणि छताचे पाणी पायाशी मुरू देऊ नये. भोवती उताराची फरसबंदी करावी, मोठी झाडे लांब लावावीत.

शेजाऱ्याचा पाया टिकला म्हणून तोच आपल्याला चालेल असे नाही. इंजिनिअरची फी वाचवून पुढे तडे बुजवत बसण्यापेक्षा आधी माती तपासून घेतलेली बरी.