विज्ञानकथेचा वाचक आणि संमेलनाचे स्वरूप : खानदेशाच्या संदर्भात

साहित्य संमेलन ही संस्था खानदेशाला अपरिचित नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जळगाव येथे १९३६ मध्ये माधव जूलियन यांच्या, धुळे येथे १९४४ मध्ये मामा वरेरकर यांच्या आणि अमळनेर येथे १९५२ मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. पुढे १९८४ मध्ये जळगावला शंकरराव खरात आणि २०२४ मध्ये अमळनेरला रवींद्र शोभणे हे अध्यक्ष होते. या संमेलनांचा साचा परिचयाचा आहे : स्वागताध्यक्ष, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कविसंमेलन, ग्रंथप्रदर्शन आणि समारोपाचे ठराव. या साच्यात लेखक व्यासपीठावर आणि वाचक मांडवात असतो. वाचकाचे काम मुख्यतः ऐकण्याचे.

पाश्चात्त्य देशांत विज्ञानकथेच्या वाचकांनी संमेलनाचा जो प्रकार घडविला, त्यात हे नाते बदललेले दिसते. तेथे वाचकच निमंत्रक, कार्यकर्ता, वक्ता आणि परीक्षक असतो. या फरकाची कारणे पाहिली असता मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेतील एका उणिवेवरही प्रकाश पडतो.

वाचकसमूहाची घडण

ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. त्यातील पत्रव्यवहाराच्या सदरात वाचकांची पत्रे संपूर्ण पत्त्यांसह छापली जात. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु तिच्यामुळे वाचक संपादकाला वगळून परस्परांना पत्रे लिहू लागले. त्यातून मंडळे स्थापन झाली आणि 'फॅनझिन' या नावाने ओळखली जाणारी हौशी नियतकालिके निघू लागली. ३ जानेवारी १९३७ रोजी इंग्लंडमधील लीड्स येथे अशा वाचकांची बैठक झाली. उपस्थिती विसाहून कमी होती. मात्र उपस्थितांत आर्थर सी. क्लार्क हा एकोणीस वर्षांचा तरुण होता. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक संमेलन, म्हणजेच 'वर्ल्डकॉन', भरले. त्याला सुमारे दोनशे माणसे आली. आपापसांतील वैरामुळे काही वाचकांना दाराशीच अडविण्यात आले, हेही येथे नमूद केले पाहिजे. वाचकांची सत्ता आली म्हणजे गटबाजी संपते असे नाही.

सभासदत्वाचे तत्त्व

वर्ल्डकॉनला येणारा माणूस तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसून वर्गणी भरलेला सभासद असतो. या एका तत्त्वावर संमेलनाची सर्व रचना उभी आहे. १९५३ पासून दिले जाणारे ह्यूगो पुरस्कार सभासदांच्या मतांनी ठरतात. पुढील संमेलनाचे स्थळही सभासदच निवडतात. प्रत्यक्ष येऊ न शकणाऱ्याला कमी वर्गणीत मताचा अधिकार मिळतो. नोंदणी, ग्रंथदालन, चर्चासत्रांची आखणी ही कामे सभासद विनावेतन करतात. एकाच वेळी अनेक दालनांत चर्चा चालू असतात आणि कोठे बसावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. खगोलशास्त्राचा प्राध्यापक, कादंबरीकार आणि रेल्वेतील कारकून एकाच चर्चेत बोलतात. ज्याने अधिक वाचले, त्याचे म्हणणे ऐकले जाते.

अर्थात ही रचना विश्वासावर चालते. २०२३ चे वर्ल्डकॉन चीनमधील चेंग्दू येथे भरले. त्या वेळी पुरस्कारासाठी काही कृती व लेखक समाधानकारक कारण न देता अपात्र ठरविले गेले आणि मोठा वाद उद्भवला. मतमोजणीवरील विश्वास ढळला की सभासदत्वाला अर्थ उरत नाही, हे त्यातून दिसून आले.

मराठीतील वेगळी वाट

मराठी विज्ञानकथेची जडणघडण निराळ्या मार्गाने झाली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने १९७० पासून विज्ञानकथा स्पर्धा घेण्यास प्रारंभ केला. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरे उलटी वाचली असता जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरे हाती येतात. स्वतःच्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी हे नाव घेतले होते. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदींच्या लेखनाने हा प्रवाह समृद्ध झाला आणि दिवाळी अंकांनी त्याला वाचक मिळवून दिला. २०२१ मध्ये नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. प्रकृतीच्या कारणामुळे ते उपस्थित राहू शकले नाहीत, तरी विज्ञानकथेला मुख्य प्रवाहात स्थान मिळाल्याची ती खूण होती. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या इतिहासात संस्था आहे, परीक्षक आहेत, संपादक आहेत आणि लेखक आहेत. वाचक मात्र सुटा राहिला. चोपड्याचा वाचक आणि शिरपूरचा वाचक एकच दिवाळी अंक वाचतात. परंतु त्यांची गाठ घालून देणारी व्यवस्था रूढ झाली नाही. परिणामी विज्ञानकथेत विज्ञान किती आणि कथा किती, हा वाद बहुधा लेखकांच्या प्रस्तावनांत आणि मनोगतांतच अडकून पडला.

खानदेशातील शक्यता

याचा अभ्यासाशी थेट संबंध आहे. १९२६ ते १९५० या काळातील इंग्रजी विज्ञानकथा-मासिकांची सूची १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती डोनाल्ड डे या हौशी वाचकाने तयार केली होती. नंतरच्या संशोधकांना तिचा आधार मिळाला. मराठी विज्ञानकथेचा मोठा भाग दिवाळी अंकांत विखुरलेला आहे आणि जुने दिवाळी अंक ग्रंथालयांतून रद्दीत जाण्यास वेळ लागत नाही. जे वाचकांच्या कपाटात आणि स्मरणात उरले आहे, ते वाचकांना एकत्र आणल्याशिवाय संशोधनाच्या हाती येणार नाही.

१९९० मध्ये स्थापन झालेल्या आणि आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरातील मराठी विभागांना हे काम करता येण्यासारखे आहे. दिवाळी अंक वाचून होतात त्या सुमारास दोन दिवसांचा मेळावा, एक वर्ष जळगावला व दुसऱ्या वर्षी धुळ्याला, असा क्रम ठेवता येईल. थोडी वर्गणी, वर्षातील उत्तम कथेसाठी सभासदांचे मतदान आणि त्याची उघड मोजणी, विज्ञान व मराठी या दोन्ही विभागांतील अध्यापकांचा सहभाग, एवढ्या गोष्टी प्रारंभास पुरेशा आहेत. प्रत्येक सभासदाने आपल्याजवळील एका जुन्या अंकातील विज्ञानकथांची नोंद (कथा, लेखक, अंक, वर्ष) करून आणावी, असा नियम केल्यास काही वर्षांत सूचीचा पाया तयार होईल.

वि. का. राजवाडे यांच्या १९२६ मधील निधनानंतर त्यांनी गावोगाव फिरून जमविलेले कागद धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने सांभाळले. इतिहासाच्या कागदांसाठी जी निष्ठा या प्रदेशाने दाखविली, तिचा अल्प अंश विज्ञानकथेच्या वाट्याला आला, तरी पुढील अभ्यासकाला कोऱ्या पाटीवर आरंभ करावा लागणार नाही.